किनाबालूची घटपर्णी घरात

घटपर्णीचे घट म्हणजे तिची फुले, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः ते पानच. पानाची मधली शीर पुढे वाढून तिचा ताणा होतो आणि त्याच्या टोकाला झाकणासह हा घट लोंबतो. मधाच्या लोभाने आलेली मुंगी ओल्या काठावरून घसरते आणि आतील पाचक रसात बुडते. जमिनीत नत्र अल्प, म्हणून हा उद्योग!

या कुळातील सर्वांत भव्य जात बोर्निओ बेटावरील किनाबालू व तांबुयुकोन या दोन पर्वतांवरच काय ती आढळते. ह्यू लो यांनी ती १८५८ साली गोळा केली. पुढच्याच वर्षी हूकर यांनी सारावाकचा गोरा राजा जेम्स ब्रूक याच्या सन्मानार्थ तिला 'नेपेंथिस राजा' म्हटले. आपला 'राजा' शब्द असा लॅटिन नामावलीत जाऊन बसला. तिचा घट ४० सेंटिमीटरपर्यंत उंच होतो व त्यात दोन लिटरांहून अधिक द्रव मावतो. क्वचित उंदीरही त्यात बुडतो. परंतु २०१० च्या सुमारास संशोधकांना निराळेच दिसले. झाडावर वावरणारी एक चिचुंद्री घटाच्या काठावर बसून झाकणाचा मध चाटते आणि तेथेच विष्ठा टाकते. तेच झाडाचे खत. शिकारीपेक्षा हा व्यवहार आम्हांला अधिक शहाणपणाचा वाटतो.

आता घरच्या लागवडीविषयी. ही जात १५०० ते २६५० मीटर उंचीवर वाढते. दिवसा २० ते २५ अंश आणि रात्री १० ते १५ अंश सेल्सिअस, शिवाय हवेत भरपूर दमटपणा, ही तिची गरज. इंदूर-बडोद्याच्या उन्हाळ्यात दमट हवा काचेच्या पेटीत साधते, भरपूर उजेड दिव्यांनी देता येतो. थंड रात्र मात्र यंत्राशिवाय मिळत नाही. एका रोपासाठी वर्षभर यंत्र चालवावे काय, हे ज्याने त्याने विजेचे बिल पाहून ठरवावे. ज्यांना ते झेपत नाही त्यांनी फिलिपाइन्सची 'नेपेंथिस व्हेंट्रिकोसा' लावावी. तीही डोंगरावरचीच, परंतु उष्मा बराच सोसते.

गुलाब वाढविणाऱ्या हातांना येथे आवर घालावा लागतो. शेणखत नको, काळी माती नको, नळाचे क्षारयुक्त पाणीही नको. स्फॅग्नम शेवाळ व पर्लाइट यांचे मोकळे मिश्रण आणि पावसाचे साठविलेले पाणी पुरे.

रानातून उपटलेले रोप मात्र कदापि घेऊ नये. हौशी लोकांनी केलेल्या लुटीमुळेच 'राजा' आंतरराष्ट्रीय व्यापारकराराच्या पहिल्या, सर्वांत कडक यादीत आहे. मेघालयातील आपली घटपर्णीही त्याच यादीत आहे. गारो लोक तिला भुताची टोपली म्हणतात. ऊतिसंवर्धनाने वा बियांपासून रोपवाटिकेत वाढविलेली रोपे मिळतात, तीच कागदपत्रे पाहून घ्यावीत.

नव्या घरी आलेल्या रोपाचे जुने घट बहुधा सुकतात. तेव्हा घाबरून खत घालू नये. नव्या पानाच्या ताण्याचे टोक फुगू लागले की नाही, एवढेच पाहावे.