शाळासोबत्यांच्या गप्पा आणि नामनिर्देशन

मैसूरच्या महाराजा हायस्कूलमध्ये आर. के. नारायण शिकले, त्यांचे वडील तेथेच मुख्याध्यापक होते. अशा जुन्या शाळांचे साठी ओलांडलेले विद्यार्थी भेटले की निवृत्ती, नातवंडे, बागकाम हेच विषय निघतात. एखादा सोबती गेल्याचेही तेथेच कळते. त्याच्या पत्नीला ठेवीसाठी बँकेत घालाव्या लागलेल्या खेपा मात्र सहसा कोणी सांगत नाही.

नामनिर्देशनास बोलीत ‘वारस लावणे’ म्हणतात. हा शब्दच फसवा आहे. नामनिर्देशित व्यक्ती रक्कम विश्वस्त म्हणून स्वीकारते. मालकी मृत्युपत्राने वा वारसाहक्काने ठरते. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीसाठी चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. हिस्से ठरवून अथवा क्रमाने. अनेकांच्या जुन्या खात्यावर मात्र विवाहापूर्वी लिहिलेले दिवंगत आईचे नाव तसेच असते. ते शाखेत अर्ज देऊन बदलता येते.