छाप सांगा, नाव नको

सिगारेटच्या पाकिटात चित्र शिरलं ते पाकीट ताठ राहावं म्हणून. जुनी पाकिटं मऊ कागदाची. आतला माल चेपू नये म्हणून पुठ्ठ्याचा कोरा तुकडा घालत. 1880च्या दशकात अमेरिकेतल्या 'अ‍ॅलन अँड गिंटर'सारख्या कंपन्यांनी त्यावर नट्या, पक्षी, झेंडे, खेळाडू छापले. मालिका पुरी करायची तर पुढचं पाकीट घेणं आलंच. 'विल्स'च्या 'सिझर्स' सिगारेटींसोबत 1912मध्ये हिंदी पलटणींची चित्रमालिका निघाली.

आता आपल्या मुलखाकडे वळू. धाराशिव तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. सोलापूर शेजारी, पण इंग्रजी अमलाखाली. अलीकडे निजामाचा हाली रुपया, पलीकडे इंग्रजांचा कलदार. अलीकडे सरकारी कारभार उर्दूत, लोकांची बोली मराठी. अशा मुलखात अक्षरांपेक्षा चित्र लांब जातं. 1930मध्ये हैदराबादेत वजीर सुलतान कंपनी उभी राहिली. तिच्या 'चारमिनार' सिगारेटच्या पाकिटावर चारमिनारची वास्तूच छापलेली. ओळखायला ना उर्दू लागे ना इंग्रजी.

विडीला वेगळं कार्ड परवडणारं नव्हतं. तेंदूच्या पानात जर्दा वळून दोऱ्याने बांधायचा, बंडल करायचं, वर रंगीत लेबल डकवायचं. सोलापुरात हे वळण्याचं काम बायकांच्या हातांवर चालत आलं. लेबलावर देव, वाघ, राजे, कधी खुद्द मालकाचा फोटो. निरक्षर गिऱ्हाईकही दुकानात छाप सांगून माल मागू शके.

हीच लेबलं आज संग्राहक शोधतात. होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचं तंबाखू-कार्ड 2022मध्ये 72.5 लाख डॉलरला गेलं. विडीच्या लेबलाला मात्र ना क्रमांक, ना अल्बम. बंडल सोडताना ते फाटायचंच. जुनं लेबल हाती आलंच, तर आधी कडेचं छापखान्याचं नाव वाचावं, मग किंमत. ती आण्यांत असेल, तर लेबल 1957च्या दशमान नाण्यांआधीचं असण्याची शक्यता मोठी.

चित्राची आणि नावाची ताकद मोठी, म्हणून त्यांचा जाबही विचारला जातो. 'संभाजी बिडी'च्या नावावरून आंदोलनं झाली, तेव्हा 2020मध्ये साबळे वाघिरे कंपनीने नाव बदलण्याचं मान्य केलं. सरकारनेही चित्राची ताकद ओळखली. 31 मे 2009पासून तंबाखूच्या वेष्टनावर सचित्र इशारा आला. 2016पासून त्याने 85 टक्के जागा घेतली. ज्याला वाचता येत नाही त्याला माल विकायला जे चित्र वापरलं, तेच आता त्याला मालापासून परतवायला वापरतात. इशाऱ्यांची चित्रंही ठरावीक काळाने बदलतात, म्हणजे तीही मालिकाच. संग्राहकाने वाघाशेजारी त्यांनाही जागा द्यावी; एरवी या धंद्याची गोष्ट अर्धीच राहील.