एकास दोन

शहरातल्या दुकानात खरवस मागितला की हल्ली बहुधा चायना ग्रासची वडी हातात पडते. दिसायला तशीच, दाताखाली रबर. गेल्या महिन्यात अशीच एक अर्धी टाकून दिली आणि साताऱ्याजवळ राहणाऱ्या मावशीला फोन लावला. “गाय आज-उद्या व्यायची आहे. येऊन राहा,” ती म्हणाली.

गाय पहाटे व्यायली. मी चरवी घेऊन पुढे झाले, तर मावशीने हात आडवा घातला. “आधी तिचं.” कालवड अजून धड उभीही राहत नव्हती. मावशीने तिचं तोंड सडाला लावून दिलं. ती पिऊन बाजूला झाली, तेव्हा कुठे चरवीत धार पडली. पिवळाधमक, बोटांना चिकटणारा चीक. त्याचा तो उबदार, किंचित खारट वास अजून नाकातून जात नाही.

मावशीच्या ‘आधी तिचं’मध्ये गोठ्याची रीत आहे आणि शास्त्रही. गाईच्या वारेतून प्रतिपिंडं वासरापर्यंत पोचत नाहीत. ती मिळतात चिकातूनच, आणि वासराचं आतडं ती अख्खी आत घेतं तेही जेमतेम पहिले 24 तास. प्रतिपिंड म्हणजे प्रथिनांच्या चार साखळ्यांची, इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी घडी. जंतूला पकडायचं ते त्या वायच्या दोन टोकांनी, टोकांचा आकार नेमका जुळला तरच.

स्वयंपाकघरात नेमका तोच आकार मोडायचा होता.

“पहिल्या दिवसाचा चीक, एकास दोन,” मावशी म्हणाली. एक वाटी चीक, दोन वाट्या दूध. गूळ, वेलची, जायफळ, गाळणं, आणि डबा कुकरात, शिट्टी काढून. एकास एक करून बघूया का, मी विचारलं. “दगड होईल. एकास दोन.” गाईच्या साध्या दुधात प्रथिनं तीन-साडेतीन टक्के, पहिल्या चिकात चौदाच्या आसपास. एकास दोन केलं की सातावर येतात. मावशीने हा हिशेब कधी केलेला नाही.

मला राहवेना, मी दोनदा झाकण उघडलं आणि दोनदा बोलणी खाल्ली. पहिल्यांदा सगळं पातळच होतं. दुसऱ्यांदा कडेने धरलेलं, मधे अजून डचमळणारं. आत काय चाललं होतं? उष्णतेने घड्या सैल होतात, पाण्यापासून तोंड लपवून आत बसलेले भाग उघडे पडतात आणि शेजारच्या साखळीला बिलगतात. त्यांचं जाळं होतं, जाळ्यात पाणी अडकतं. साधं दूध कितीही उकळा, आटेल, असं थिजणार नाही. त्यातलं मुख्य प्रथिन केसीन मुळातच सैल, मोडायला घट्ट घडीच नाही. चायना ग्रासची वडी तापवली तर पुन्हा पातळ होते. खरवसाचा पुन्हा चीक होत नाही.

म्हणूनच ‘प्रतिकारशक्तीसाठी खरवस खा’ म्हणणाऱ्यांचं मला हसू येतं. वाफेतून निघालेल्या वडीत कामाची प्रतिपिंडं कुठली? प्रथिनं आहेत, गूळ आहे, चव आहे. मी चार वड्या खाल्ल्या त्या चवीसाठी.

दुसऱ्या दिवशी मावशीने एकास एक केलं, तिसऱ्या दिवशी दूध घातलंच नाही आणि वडी तरीही लिबलिबीत झाली. दूध तापवल्यावर फाटेनासं झालं, तेव्हा ते डेअरीत गेलं.