माळ्यावरची जपानी रायफल: अरिसाका ओळखायची कशी आणि ठेवायची कशी

जपानी रायफलीचा विषय निघाला की आपल्याकडे दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "ही नेताजींच्या फौजेची असणार." आणि दुसरं, "एवढी जुनी आहे, अँटिक आहे, हिला लायसन कशाला?" दोन्हींकडे येऊच. आधी वस्तू बघू.

संग्राहक हिला अरिसाका म्हणतात. जपानी लष्करातले अधिकारी नारिआकिरा अरिसाका यांच्या देखरेखीखाली १८९७ मध्ये टाइप ३० ही रायफल झाली. मग नाम्बू किजिरो यांनी ती सुधारून १९०५ ची टाइप ३८ केली. ३८ म्हणजे मेजी राजवटीचं अडतिसावं वर्ष. १९३९ च्या टाइप ९९ मधला आकडा मात्र जपानी शाही संवत २५९९ चा. शक आणि संवत शेजारी-शेजारी छापणारं कॅलेंडर भिंतीवर असणाऱ्या आपल्याला हे समजायला जड नाही.

बोल्ट अ‍ॅक्शन म्हणजे काय? दाराची आडवी कडी आठवा. दांडी वर उचलायची, मागे ओढायची की रिकामं काडतूस बाहेर. पुढे ढकलून खाली दाबली की नवं काडतूस आत आणि दार बंद. पेटीत पाच काडतुसं. टाइप ३८ ची गोळी ६.५ मिलिमीटरची, त्यामुळे धक्का कमी. नळी लांब, त्यामुळे तोंडाशी ज्वाळाही कमी दिसते. रायफल सुमारे १२८ सेंटिमीटर, त्यावर ४० सेंटिमीटर पात्याची संगीन लावली की ती त्या काळच्या बऱ्याच जपानी शिपायांपेक्षा उंच भरायची!

बोल्टवर पत्र्याचं एक सरकतं झाकण असतं, धूळ-चिखल आत जाऊ नये म्हणून. ते खडखड वाजतं, म्हणून अनेक शिपाई ते काढून टाकत. मागच्या गोल टोपीवर तळहाताने दाबून किंचित फिरवलं की सेफ्टी लागते. दस्ता दोन लाकडं सांध्यात बसवून केलेला असतो. तो तडा नव्हे. लाकूड वाचवायची ती युक्ती होती.

टाइप ९९ ची गोळी ७.७ मिलिमीटरची. आपल्या ओळखीच्या थ्री-नॉट-थ्रीच्या जवळची, पण दोघींची काडतुसं वेगळी आहेत. सुरुवातीच्या टाइप ९९ ला विमानांवर नेम धरायला मागच्या नेमपट्टीच्या बाजूला उघडणाऱ्या पट्ट्या होत्या. रायफलीने विमान पाडायचं, हा आशावाद आम्हाला आजही थक्क करतो. युद्धाच्या शेवटी माल इतका कमी पडला, की या सगळ्या सोयी गेल्या आणि दस्त्याच्या टोकाला लोखंडाऐवजी लाकडी पट्टी आली.

आता सगळ्यात बोलकी खूण. नळीच्या मुळाशी, वरच्या बाजूला, सोळा पाकळ्यांचं शेवंतीचं फूल असतं. ती सम्राटाची मुद्रा. १९४५ च्या शरणागतीनंतर शस्त्रं सोपवण्याआधी बहुतेक ठिकाणी ते फूल घासून काढलं गेलं. रणांगणावर हाती लागलेल्या रायफलीवर ते सहसा शाबूत असतं. पण लष्करातून काढून शाळांना वगैरे दिलेल्या रायफलींवरही फूल मिटवत, तेव्हा एवढ्यावरून ठाम निकाल देऊ नका.

मग ती आपल्याकडे येईल कुठून? मार्च १९४४ मध्ये मणिपुरात उखरूलजवळ संगशाकला जपानी ५८ व्या रेजिमेंटला अडवणाऱ्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती, म्हणजे ४/५ मराठा. २६ मार्चच्या रात्री ठाणं सोडावं लागलं, पण त्या अडवणुकीमुळे कोहिमाला तयारीला वेळ मिळाला. सातारा, कोल्हापूर, कोकण या ज्या भागांतून पलटणीत भरती व्हायची, तिथलीच माणसं परळ-लालबागच्या गिरण्यांत होती. नेताजींच्या फौजेचं म्हणाल, तर तिच्याकडे बहुतांशी सिंगापूरला इंग्रजांकडून जपान्यांनी घेतलेली ब्रिटिश शस्त्रं होती. म्हणजे पहिलं वाक्य बऱ्याचदा उलटं निघतं.

दुसरं वाक्य जास्त महागात पडेल. चाळ रिडेव्हलपमेंटला जाते, माळा रिकामा होतो, ट्रंकेतून आजोबांची रायफल निघते. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं ४५ वं कलम जुन्या किंवा पुराणवस्तूच्या मोलाच्या शस्त्राला सूट देतं, पण अट अशी की ते दुरुस्त करूनही झाडता येऊ नये. टाइप ३८ साफ केली की चालण्याची शक्यता दाट. म्हणजे ती कायद्याने बंदूकच! शंभर वर्षांची अट १९७२ च्या पुरावशेष कायद्यातली. तिने लायसन माफ होत नाही.

म्हणून सापडली तर बोल्टला हात लावू नका, काडतुसं हलवू नका, आणि टॅक्सीत घालून तर नेऊच नका. आधी पोलीस ठाण्याला कळवा, वकिलाशी बोला. वारसांनी शस्त्र ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची सोय २१ व्या कलमात आहे. आणि झाडून बघायचा मोह? शाळांतल्या कवायतीसाठी केलेल्या काही रायफली फक्त आवाजी काडतुसांसाठी होत्या. खऱ्या गोळीने त्या फुटतात. बाहेरून त्या खऱ्यासारख्याच दिसतात.

लायसन असेल किंवा रायफल रीतसर निकामी केलेली असेल, तर जपणूक सोपी. पॉलिश पेपर नको, ब्रासो नको. मुंबईच्या दमट हवेत लोखंडाला तेलाचा पातळ हात, लाकडाला कोरडं फडकं. घासलेलं फूल कुणी "पुन्हा कोरून देतो" म्हणालं तर नाही म्हणा. घासल्याची ती खूणच त्या रायफलीची कागदपत्रं आहेत.