बिऱ्हाड हलवायचं की नाही?

२०२१च्या जानेवारीत मारुंजीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टँकरच्या वेळापत्रकाखालोखाल एकाच विषयाची चर्चा होती: व्हॉट्सअ‍ॅप सोडायचं का? हिंजवडीच्या आयटी पार्कमधली बहुतेक ऑफिसं तेव्हा बेडरूममध्ये भरत होती, त्यामुळे प्रत्येक विंगेत मत द्यायला दोन-चार जाणकार दिवसभर हजर असत. ४ तारखेच्या सुमारास फोनवर नव्या धोरणाची सूचना आली. ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा, नाहीतर खातं चालणार नाही. ७ तारखेला इलॉन मस्क यांनी ‘सिग्नल वापरा’ एवढंच म्हटलं आणि आमच्या ग्रुपनं बिऱ्हाड बांधायला घेतलं.

१३ तारखेला व्हॉट्सअ‍ॅपनं वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या: तुमचे संदेश आम्ही वाचत नाही. १५ तारखेला गर्दीच्या लोंढ्यानं सिग्नलच कोलमडलं. टेलिग्रामनं ७२ तासांत अडीच कोटी नवे लोक आल्याचं सांगितलं. याच महिन्यात ‘हाइक’ या भारतीय मेसेंजरनं मात्र मुकाट्यानं दुकान बंद केलं. देशी अ‍ॅप हवं म्हणून ओरडणाऱ्यांपैकी कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

होळीपर्यंत आमचा सिग्नलवरचा ग्रुप ओस पडला होता. टँकरवाला, दूधवाला, मुलांच्या वर्गाचा ग्रुप, कामाला येणाऱ्या मावशी, सगळे होते तिथंच होते. गावठाणातल्या मंडळींचा वेगळा ग्रुप होता. ग्रामसभेची नोटीस आणि पाणीपट्टीची आठवण तिथं यायची. त्यांनी तर ही चर्चाच केली नाही. त्या वेळी आम्हाला ते अडाणीपणाचं वाटलं होतं. आज मागं वळून बघताना तसं म्हणायची हिंमत होत नाही.

खरं तर आमचा राग पाच वर्षं उशिरा आला होता. फेसबुकनं व्हॉट्सअ‍ॅप १९ अब्ज डॉलरना विकत घेतल्याची घोषणा २०१४च्या फेब्रुवारीत झाली आणि तेव्हा ‘काहीही बदलणार नाही’ असं सांगितलं गेलं. २०१६च्या एप्रिलमध्ये सगळ्या संदेशांना एन्ड-टू-एन्ड कुलूप लागलं. पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कुणालाही, खुद्द कंपनीलाही, मजकूर वाचता येणार नाही अशी ही व्यवस्था. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फेसबुकला माहिती देणारं धोरण आलं. नकार द्यायला जुन्या खातेदारांना ३० दिवस होते. दोन विद्यार्थी दिल्ली उच्च न्यायालयात गेले, २३ सप्टेंबरला अंशतः दिलासा मिळाला आणि प्रकरण पुढं सर्वोच्च न्यायालयात पोचलं. आमच्यापैकी किती जणांनी ते ३० दिवस वापरले? मी वापरले नव्हते. तो पर्याय कुठं होता, हेही मला २०२१मध्ये कळलं.

ज्यांना टपालाचे दिवस आठवतात त्यांच्यासाठी सोपं करून सांगतो. पोस्टकार्ड अख्खा गाव वाचायचा. आंतरदेशीय पत्र चिकटवलेलं असायचं, पण कोणाला कोणाचं पत्र येतं, किती वेळा येतं, हे पोस्टमनला ठाऊकच असायचं. व्हॉट्सअ‍ॅपनं पत्र चिकटवलं, कोण कुणाला किती वेळा लिहितं याची वही मात्र स्वतःकडं ठेवली. सिग्नलचं वेगळेपण एवढंच की तिथं वही जवळजवळ कोरी असते. कुलूप दोन्हीकडं एकाच जातीचं आहे. सिग्नलनं तयार केलेली पद्धतच व्हॉट्सअ‍ॅप वापरतं, आणि व्हॉट्सअ‍ॅपचे एक संस्थापक ब्रायन अ‍ॅक्टन यांनी तिथून बाहेर पडल्यावर सिग्नलच्या प्रतिष्ठानाला ५ कोटी डॉलर दिले. घर बांधणाराच शेजारी जाऊन राहिला, तर घराबद्दल वेगळं प्रमाणपत्र कशाला हवं?

पण महाराष्ट्रानं या दहा वर्षांत जे भोगलं, त्यातलं फार थोडं त्या वहीमुळे झालं. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्यात, भिक्षेसाठी फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या ५ जणांना जमावानं ठेचून मारलं. पोरं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा फोनाफोनांतून फिरत होत्या. कुलूपबंद संदेशांत विष भरलेलं असलं, तर तेही कुलूपबंदच पोचतं. त्यानंतर भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढं ढकलण्याची मर्यादा आली.

त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. गौतम पटेल यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली नोटीस पोचली असं मानलं, कारण दोन निळ्या खुणा उमटल्या होत्या आणि जोडलेली फाइल उघडलेली होती. म्हणजे मजकूर गुप्त, पण तुम्ही तो वाचला हे जगजाहीर. २०१९मध्ये पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचं प्रकरण उघडकीला आलं. जगभरातले सुमारे १,४०० फोन लक्ष्य झाले होते आणि व्हॉट्सअ‍ॅपनं सावध केलेल्यांत भीमा-कोरेगाव खटल्यातले नागपूरचे वकील निहालसिंग राठोड होते. व्हिडिओ कॉल न उचलताही फोन ताब्यात जाऊ शकत होता. मग २०२०च्या शरदात मुंबईतल्या एका तपासातले जुने चॅट वाहिन्यांवर झळकले आणि २०२१च्या जानेवारीत, आम्ही बिऱ्हाड बांधत असतानाच, टीआरपी प्रकरणाच्या पुरवणी आरोपपत्रातले शेकडो पानांचे संवाद बाहेर आले. यातलं एकही कुलूप मधल्या रस्त्यात फुटलं नव्हतं. फोन हातात आला की सगळं सापडत होतं.

बॅकअपचं तर आणखी साधं होतं. गुगल ड्राइव्हवर जाणारी व्हॉट्सअ‍ॅपची प्रत २०२१च्या ऑक्टोबरपर्यंत एन्ड-टू-एन्ड कुलपाबाहेर होती. त्यानंतर कुलपाची सोय आली, पण ती आपण होऊन चालू करावी लागते. सेटिंगमध्ये जाऊन किती जणांनी केली, हे ज्याचं त्यानं तपासावं.

धोरणाची पुढं ढकललेली तारीख १५ मे २०२१ होती. ती आली तेव्हा करोनाची दुसरी लाट ऐन भरात होती. बेड, ऑक्सिजन, प्लाझ्मा, रेमडेसिवीर यांसाठी रात्रंदिवस संदेश फिरत होते: रुग्णाचं नाव, वय, आधार, सीटी स्कॅनचा स्कोअर, नातेवाइकाचा नंबर. चार महिन्यांपूर्वी खासगीपणावर निबंध लिहिणारे आम्हीच ते फॉरवर्ड करत होतो, आणि करायलाच हवं होतं. कुणालाही दोष देत नाही. फक्त रुग्ण बरा झाल्यावर, किंवा न झाल्यावर, ते कागद पुसायला कुणी परत गेलं नाही.

कायद्याची गाडी तोवर आपल्या गतीनं चालत होती. खासगीपणा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७लाच सांगितलं होतं. व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये झाला, नियम यायला २०२५चा नोव्हेंबर उजाडला. स्पर्धा आयोगानं २०२१च्या त्याच धोरणासाठी नोव्हेंबर २०२४मध्ये मेटाला, म्हणजे पूर्वीच्या फेसबुकला, २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला. वर्षभरानं अपील न्यायाधिकरणानं दंड कायम ठेवला, पण जाहिरातीसाठी माहिती देण्यावरची पाच वर्षांची बंदी उठवली. धोरण न स्वीकारणाऱ्याचं खातं बंद होणार नाही, ही हमी वर्तमानपत्रांतून ठळकपणे सांगा, असं सर्वोच्च न्यायालयाला फेब्रुवारी २०२३मध्ये कंपनीला बजावावं लागलं. ‘मान्य’चं बटण दाबून मोकळ्या झालेल्या आम्हाला ते फार उशिरा समजलं.

आणि २०२५च्या सप्टेंबरअखेर पुन्हा तेच बिऱ्हाड. या वेळी झोहो या भारतीय कंपनीचं मेसेंजर ‘अरट्टाई’. तमिळमध्ये अरट्टाई म्हणजे गप्पा. स्वदेशीचा नारा होता, नोंदण्या धडाधड वाढल्या. पण त्या दिवसांत तिथल्या लेखी संदेशांना एन्ड-टू-एन्ड कुलूप नव्हतं. खासगीपणासाठी आम्ही कुलूप असलेल्या घरातून कुलूप नसलेल्या घरात निघालो होतो. दिवाळीचे फराळाचे फोटो मात्र जुन्याच ग्रुपवर आले.

मग सोडायचं की नाही? माझं उत्तर पाच वर्षांत बदललं आहे. एकट्यानं अ‍ॅप बदलणं म्हणजे एकट्यानं गाव सोडणं. निघता येतं, पण बोलायला कोणी नसतं. म्हणून गाव न सोडता दुसरं दार करून ठेवावं. आमच्या घरचे चौघं आणि दोन मित्र आजही सिग्नलवर आहोत. आजारपण, पैसा, भांडण तिथं. टँकर, गणपतीची वर्गणी, शुभ सकाळ इथं. बॅकअपला कुलूप, दोन टप्प्यांचा पिन, आणि नाजूक गोष्टींना आपोआप पुसले जाणारे संदेश. एवढं केलं की अर्धी लढाई होते.

उरलेली अर्धी मला एका प्रश्नानं दाखवली. आमच्याकडं काम करणाऱ्या मावशींचं आधार कार्ड पोलीस पडताळणीसाठी सोसायटीनं मागितलं, आणि समितीतल्या कुणीतरी सोयीसाठी त्याचा फोटो सरळ मोठ्या ग्रुपवर टाकला. जन्मतारीख, पत्ता, सगळं. त्या ग्रुपमध्ये त्या नव्हत्याच. मागच्या महिन्यात भांडी घासता घासता त्यांनी सहज विचारलं, “दादा, माझं आधार अजून तुमच्या मोबाइलात आहे का हो?” मी शोधलं. होतं. तीन वर्षांपासून. त्यांच्यासमोरच पुसलं.

“आणि बाकीच्यांच्या?” त्या म्हणाल्या.

ग्रुपमध्ये त्या दिवशी २१७ जण होते.