कोरपना ते जेद्दा : अंतर किती, वेळ किती?

कोरपना, गडचांदूर, राजुरा या भागातून उमरा, हज किंवा रोजगारासाठी सौदी अरेबियाला जाणाऱ्या बांधवांचा तिकीट काढताना पहिला प्रश्न ठरलेला असतो : विमान किती तासांत पोचते? तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी केली की उत्तर मिळाले, असे बहुतेकांना वाटते. हा हिशेब फसवा आहे. खरा हिशेब कसा करावा, ते आम्ही येथे मांडत आहोत.

मुंबई ते जेद्दा हे हवाई अंतर सुमारे ३,५२० किलोमीटर आहे. प्रवासी जेट विमान तासाला साधारण ८५० किलोमीटर वेगाने उडते. म्हणजे निव्वळ उड्डाण चार तास दहा मिनिटांचे. धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे व उतरणे यांसाठी अर्धा तास धरावा. शिवाय उंचावरचे वारे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, हिवाळ्यात तर जोराने. त्यामुळे जाताना पाच-सव्वापाच तास लागतात आणि परतीचा प्रवास त्याहून कमी वेळात होतो.

आता तिकीट पाहू. त्यावरील प्रत्येक वेळ त्या त्या ठिकाणची असते आणि सौदीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. समजा, विमान मुंबईहून सकाळी ८ वाजता सुटून जेद्दाला १०.४५ ला पोचते. प्रवास पावणेतीन तासांचा दिसतो, प्रत्यक्षात तो सव्वापाच तासांचा असतो. परतीला दुपारी १ वाजता निघून रात्री ८.१५ ला मुंबई. येथे सव्वासात तास दिसतात, खरे पावणेपाचच.

मार्गाचेही असेच आहे. नागपूर ते जेद्दा सरळ अंतर सुमारे ४,१२० किलोमीटर, तर मुंबईमार्गे ४,२०० किलोमीटर. फरक अवघा ८० किलोमीटरचा! पण मुंबईत विमान बदलताना चार-पाच तास सहज जातात. हज कमिटीच्या यात्रेकरूंना नागपूरहून प्रस्थान मिळाल्यास ती अडचण राहत नाही. आदिलाबादमार्गे हैदराबाद गाठण्याचाही पर्याय आहे. हैदराबाद ते जेद्दा अंतर नागपूरइतकेच, सुमारे ४,१३० किलोमीटर भरते. मात्र कोरपन्याहून नागपूर रस्त्याने अंदाजे दोनशे किलोमीटर, तर हैदराबाद साडेतीनशेच्या पुढे आहे. रस्त्याचे भाडे व थकवा दोन्ही हिशेबात धरावेत.

स्वस्त पडते म्हणून नागपूर–मुंबई आणि मुंबई–जेद्दा अशी दोन वेगळी तिकिटे काढणाऱ्यांनी विशेष जपावे. पहिले विमान उशिरा आले आणि दुसरे चुकले, तर दुसऱ्या तिकिटाची जबाबदारी सहसा कोणी घेत नाही. सामानही मुंबईत उतरवून पुन्हा जमा करावे लागते. एकाच तिकिटावर दोन्ही टप्पे असणे केव्हाही बरे.

उमऱ्याला थेट जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. जेद्दाला उतरण्यापूर्वीच विमान मीकात ओलांडते. तेव्हा एहरामची तयारी विमानात बसण्यापूर्वीच झालेली असावी.

सारांश, घरातून निघाल्यापासूनचे तास मोजावेत. रस्त्याचे साडेचार तास, विमानतळावरील तीन आणि उड्डाणाचे साडेपाच धरले, तर नागपूरहून थेट विमान मिळूनही तेरा तास होतात. विमान बदलायचे असल्यास सतरा-अठरा धरावेत. रजा, औषधे आणि खर्चाची रक्कम याच हिशेबाने ठरवावी.