परक्या शहरातला पहिला दिवस

एके काळी आमच्या गावात मुंबई पाहून आलेला माणूसही चार दिवस पारावर मानाने बसत असे. आज तालुक्याच्या गावी विमानाचे तिकीट मिळते आणि शिक्षक, शेतकरी, दुकानदार अशी साधी माणसेही मुलाबाळांना घेऊन परदेश पाहून येतात. आनंदाची गोष्ट आहे. पण या प्रवासामागे दोन-तीन वर्षांची काटकसर असते. ती काटकसर पुष्कळदा पहिल्याच दिवशी, पहिल्या चार-पाच तासांत वाया जाते. रात्रभर झोप नसते, भाषा परकी, पैसा परका, पोरे कुरकुरतात. अशा वेळी माणूस विचार न करता खिशात हात घालतो. म्हणून आज मी परदेशाची वर्णने सांगणार नाही. पहिला दिवस कसा निभावावा, एवढेच सांगणार आहे. उदाहरण सिंगापूरचे घेतो, कारण २०२५ च्या मे महिन्यात आम्ही पाचजण तिथे जाऊन आलो : मी, घरची मंडळी, दोन मुले आणि माझे वडील. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. वय सत्तर, जन्म सगळा शेतात गेलेला.

पहिली गोष्ट, पोचण्याची वेळ. तिकीट काढताना आपण फक्त तिकिटाची किंमत पाहतो. आम्हांला एक तिकीट माणशी दीड हजाराने स्वस्त मिळत होते, म्हणजे पाचजणांचे साडेसात हजार वाचणार होते. पण ते विमान सिंगापूरला रात्री एक वाजता उतरणार होते. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्या वेळी आगगाड्या बंद. टॅक्सीला रात्री १२ ते सकाळी ६ पर्यंत मीटरवर निम्मी रक्कम अधिक पडते, शिवाय विमानतळाचा अधिभार वेगळा. साध्या टॅक्सीत चारच उतारू बसतात, लहान मूलही मोजणीत धरतात. म्हणजे पाचजणांना मोठी गाडी नाहीतर दोन टॅक्स्या. आणि उरलेल्या अर्ध्या रात्रीसाठी आमच्या दोन खोल्यांचे पूर्ण भाडे १८० डॉलर. त्या वेळी एक सिंगापूर डॉलर सुमारे ६५ रुपयांना पडत होता, म्हणजे झाले ११,७०० रुपये. साडेसात हजार वाचवायला जाऊन पदरचे चार हजार घालवायचे, वर टॅक्सी! आम्ही रात्री मुंबईहून निघून सकाळी आठच्या सुमारास उतरणारे विमान घेतले. स्वस्त तिकीट कोणते, हे घड्याळाला विचारून ठरवावे.

दुसरी गोष्ट, कागदपत्रे. आपल्या पासपोर्टावर सिंगापूरला व्हिसा लागतो आणि तो अधिकृत एजंटामार्फत काढावा लागतो. पासपोर्टाची मुदत निदान सहा महिने शिल्लक हवी. याशिवाय प्रत्येक माणसामागे, लहान मुलांचेसुद्धा, एक आगमनपत्र भरायचे असते. त्याला एसजी अरायव्हल कार्ड म्हणतात. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ते सरकारी संकेतस्थळावर भरतात आणि त्याला एक पैसाही लागत नाही. इथे मी फसलो, ते सांगायला लाज कसली? सरकारी दिसणाऱ्या एका भलत्याच ठिकाणी मी तीन माणसांचे पैसे भरून बसलो. आमच्या एजंटाने सांगितले, "गुरुजी, हे फुकट असतं." तेव्हा डोळे उघडले. पत्ता नीट वाचावा. पैसे मागितले की थांबावे.

तिसरी गोष्ट, सामानात काय नसावे. इथे खेड्यातल्या माणसाने विशेष कान द्यावा. सिंगापुरात तंबाखू चघळायला बंदी आहे. जर्दा, खैनी, गुटखा यांतले काहीही नेता येत नाही. सिगारेटीवर जकात भरावी लागते. त्यात सूट मुळीच नाही. चघळण्याच्या गोंदाला, म्हणजे च्युइंग गमला, १९९२ पासून मज्जाव आहे. आणि आपल्या स्वयंपाकघरातली निरुपद्रवी खसखससुद्धा तिथे परवानगीशिवाय चालत नाही, कारण तिच्यात अफूचा अंश असू शकतो. घरात वाटेसाठी अनारसे करायचे घाटत होते; त्यांना खसखस लागते, म्हणून तो बेत रद्द झाला आणि चिवडा-चकलीवर भागले. औषधे असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी.

तंबाखूचा प्रश्न मात्र चिवड्याने सुटणारा नव्हता. आबांची तंबाखू चाळीस वर्षांची. मी त्यांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग मी घरीच ऱ्हातो. तुम्ही जाऊन या." तिकिटे काढून झाली होती. पैशाचे मला फारसे वाटले नाही. पण आबांना समुद्र ओलांडून न्यायचे, हे मी आईला तिच्या अखेरच्या आजारात बोललो होतो. मी त्यांना भरीस घातले नाही. कायदा काय आहे आणि मोडला तर काय होऊ शकते, एवढे सरळ समजावून दिले. निघायच्या दिवशी त्यांनी चंची आपल्या हाताने देवळीत ठेवली आणि सुनेने शिवलेल्या नव्या पिशवीत लवंगा-बडीशेप भरून घेतली. मोठ्या माणसाला चोरून सामान तपासण्यापेक्षा कारण सांगणे बरे, हे मी त्या दिवशी शिकलो.

आता उतरल्यानंतरचे. चांगी विमानतळावर उतरलात की धावत सुटू नका. घड्याळ अडीच तास पुढे करा. तोंड धुवा, मुलांना दोन घास द्या. नळाचे पाणी तिथे बेलाशक प्यावे. ते शुद्ध असते. रिकामी बाटली भरून घेतली की पाचजणांचे दिवसभराचे पाण्याचे पैसे वाचले. तपासणीच्या ठिकाणी आता पासपोर्टावर शिक्का मारीत नाहीत, राहण्याचा परवाना ई-मेलने येतो. आबा हिरमुसले. "शिक्का न्हाई, तर गावात दाखवू काय?" नातीने विमानाच्या बोर्डिंग पासाचा तुकडा त्यांच्या खिशात जपून ठेवला, तेव्हा समाधान झाले. पैसे विमानतळावर थोडेच बदलावेत, पहिल्या दिवसापुरते. बाकीचे गावात दोन दुकानी भाव विचारून.

विमानतळाच्या खालूनच शहराची आगगाडी सुटते. तिला एमआरटी म्हणतात. २००२ सालापासून ती विमानतळापर्यंत येते. आम्हांला लिटल इंडिया या भागात जायचे होते. पहिल्याच स्टेशनावर, एक्स्पो येथे, उतरून डाउनटाउन मार्गाची गाडी धरायची. ती थेट लिटल इंडियाला नेते. भाडे माणशी सुमारे दोन डॉलर, वेळ पाऊण ते एक तास. टॅक्सीचा विचार कशाला?

पण इथेही एक ठेच लागली. दारावर बँकेचे कार्ड टेकवले की फाटक उघडते, हे मी ऐकले होते. मी आत गेलो आणि तेच कार्ड मागे आबांच्या हातात दिले. फाटक उघडेना! मी आत, आबा बाहेर, मध्ये काचेचे दार, मागे रांग. आबांच्या चेहऱ्यावर जत्रेत चुकलेल्या पोरासारखी भीती दिसली. स्टेशनवरचा माणूस आला, त्याने हसून सांगितले : एका कार्डावर एकच माणूस. उतरतानाही तेच कार्ड टेकवावे लागते, मग यंत्राने दोघांचा हिशेब ठेवायचा कसा? बाकीच्यांसाठी प्रवासाची कार्डे तिथेच विकत मिळाली. ०.९ मीटरपेक्षा कमी उंचीचे मूल मोठ्या माणसाबरोबर फुकट जाते. माझे सांगणे एवढेच, की फाटकाशी म्हातारे माणूस आणि मुले पुढे, कर्ता माणूस सर्वांत मागे. आणि गाडीत खाणे-पिणे वर्ज्य. दंड ५०० डॉलरपर्यंत आहे.

लॉजवर पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. खोली दुपारी तीनला मिळायची; हे सर्वत्र असेच असते. घाबरायचे कारण नाही. सामान लॉजवर ठेवून घेतात. मधले पाच तास कुठल्या महागड्या ठिकाणी न घालवता जवळच बसावे. आम्ही टेक्का सेंटर या मंडईत गेलो. खाली भाजी-मासळीचा बाजार, बाजूला खाण्याचे ठेले, वरच्या मजल्यावर कापडाची दुकाने. अशा सरकारी देखरेखीखालच्या ठेल्यांच्या जागांना हॉकर सेंटर म्हणतात. तिथली ही खाद्यसंस्कृती २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. चार ते सहा डॉलरांत एका माणसाचे पोट भरते. डोशाला तिथे तोसै म्हणतात आणि चहाला तेह. त्यात आटवलेले गोड दूध असते. टेबलावर कागदी रुमालाचे पुडके दिसले तर समजावे, जागा कुणीतरी धरली आहे. जेवल्यावर आपले ताट आपणच नेऊन ठेवायचे. २०२१ पासून न ठेवणाऱ्याला दंडही होऊ शकतो. आबांनी आपले ताट उचलले आणि म्हणाले, "पंगतीत असंच पायजे."

मंडईला लागून एक रस्ता आहे, बफेलो रोड. मी आबांना अर्थ सांगितला, म्हशींचा रस्ता. ते थबकले. "इथं म्हशी?" होय, एकोणिसाव्या शतकात हा भाग ओलसर, चराऊ जमिनीचा होता आणि गुरांचा मोठा धंदा इथे चाले. शेजारच्या दुसऱ्या रस्त्याचे नाव केरबाऊ रोड. मलय भाषेत केरबाऊ म्हणजे म्हैसच. या धंद्यात हिंदी माणसे पुष्कळ होती, म्हणून इथे वस्ती आपल्या लोकांची झाली. आणखी एक गोष्ट मी त्यांना सांगितली. १८२५ ते १८७३ या काळात कंपनी सरकारने आणि पुढे इंग्रजी राज्याने बंगाल, मद्रास आणि आपल्या मुंबई इलाख्यातले कैदीही या बेटावर काळ्या पाण्याच्या शिक्षेला धाडले. १८६२ साली पवित्र झालेले सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल अशा कैद्यांच्या हातांनी बांधलेले आहे. आबा पाटीजवळच्या कठड्यावर बसले. तंबाखूची तल्लफ आली असावी. त्यांनी लवंग तोंडात टाकली. म्हणाले, "ती माणसं परत गेली न्हाईत. आपण आठ दिवसांनी जाणार. आपलं बरंय."

त्या दुपारी खोली मिळाल्यावर आम्ही झोपलो आणि संध्याकाळी फक्त सेरंगून रोडवर पायी हिंडलो. पहिल्या दिवशी दुसरे काही ठरवूच नये. पुढच्या दिवसांतही पैसे न लागणाऱ्या जागा पुष्कळ आहेत. १८५९ सालची वनस्पती-बाग पाहायला काही पडत नाही. फक्त आतल्या ऑर्किडच्या बागेला तिकीट आहे. झाडाला इजा न करता रबराचा चीक रोज काढण्याची रीत याच बागेत रिडली नावाच्या अधिकाऱ्याने बसवली, हे शेतकऱ्याने आणि शिक्षकाने मुद्दाम पाहावे.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. पाचवी-सहावीच्या मुलांना प्रवासाचा असा हिशेब गणिताच्या तासाला घालावा : डॉलरचे रुपये, घड्याळातला फरक, टॅक्सी आणि गाडी यांतले अंतर. मुले घरी जाऊन मोठ्यांना शिकवतील.

आम्ही परत आलो तेव्हा देवळीत आबांची चंची तशीच होती. त्यांनी ती उघडली, चुना मळला आणि पारावर जाऊन बसले. खिशात तो बोर्डिंग पासाचा तुकडा होता.